देठ

काटोल रोडवरच्या नर्सरीत पहिल्या दिवशी गेले
तेव्हा पर्समध्ये सुवर्णपदकाचा फोटो होता.
कुणी विचारलंच तर, म्हणून.

कुणी विचारलं नाही.
गुणवंतराव ढोल्यांनी चाकू हातात दिला,
जंबेरीच्या शंभर रोपांची ओळ दाखवली.
"यांच्यावर संत्र्याचा डोळा भरा, मॅडम.
कोणाचा हात लागते, कोणाचा नाही लागत.
ते जन्मातच असते."

माझा तर शाळेपासून सगळ्यालाच हात लागायचा.
"हुशार आहे पोरगी" हे इतक्यांदा ऐकलं
की जिथे हुशारी दिसणार नाही
त्या वाटेला मी जाईनाशी झाले.
पोहायला शिकले नाही. सायकलही नाही.
गाण्याच्या क्लासला दोनदा गेले,
दुसऱ्यांदा बाईंनी "पुन्हा म्हण" म्हटलं
आणि माझा घसा बसला तो आजतागायत.

डिसेंबरातली सकाळ. बोटं वळत नव्हती.
साल चिरायची, हलकेच उचलायची,
आत डोळा सरकवायचा, पट्टी बांधायची.
पाचव्या सेमिस्टरला हीच आकृती,
दहापैकी दहा.

वीस दिवसांनी मोजले.
शंभरातले नऊ.

मी म्हणाले, पाणी क्षारट आहे.
म्हणाले, यंदा थंडी फार पडली.
म्हणाले, फांदीच जून दिली मला.
आणि रात्री, धरमपेठेतल्या खोलीत, दिवा न लावता:
नाही लागत माझा हात. संपलं.

यातही एक ऊब असते.
निकाल लागलेला असतो,
परत पेपर द्यायचा नसतो.

सकाळी राजीनामा लिहून नेला.
माझ्या ओळीत दुर्पता कुमरे उकिडवी बसलेली,
माझे मेलेले डोळे एकेक सोडवत,
पट्टी उलगडत, नाकाशी नेत.
"काय करता?"
"मेला काहून, ते पाहून राह्यली."
"तुमचे किती लागतात?"
"आता पंच्याण्णव."

आता.

"आणि पहिल्या वर्षी?"
ती हसली. वरचे दोन दात नाहीत.
"पहिल्या वर्षी मालकानं मले
परत गवत काढाले धाडलं.
मी दुपारच्या सुट्टीत जंगली लिंबावर करून पाहो."

मग तिनं माझे डोळे ओळीनं मांडले पोत्यावर.
"याच्यात पाणी गेलं, पट्टी खालून वर बांधाची असते.
इथं चाकू खोल गेला, लाकडाले लागला.
आन् हा," ती थांबली, "हा तं उलटाच बसवला, मॅडम."
असे सहा निघाले.
सुवर्णपदकानं सहा डोळे
जमिनीकडे तोंड करून बसवले होते.
मला हसू आलं. मग दुसरंही काही आलं,
ते मी ओढणीनं पुसलं.

जाताना तिनं नऊपैकी एकापाशी नेलं.
डोळ्याखाली पानाचा बोटभर देठ राखलेला.
"लावा बोट."
लावलं. टपकन गळला.
"गळला तं डोळा जिता.
चिकटून राह्यला तं समजा मेला."
"उलटं वाटतं हे."
"असंच असते."

राजीनाम्याच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी तीन रकाने पाडले:
पाणी, चाकू, उलटा.
नंतर त्यात आणखी चार वाढले.
कागद पुरेना तेव्हा वही आणली.

पुढच्या डिसेंबरात शंभरातले त्रेचाळीस.
गुणवंतराव खूश. "लागला की हात!
मी म्हणलंच होतं, उपजतच आहे तुमच्यात."
जुन्या सवयीनं माझे कान टवकारले,
पाठ आपोआप ताठ झाली, आणि क्षणभर वाटलं
इथेच थांबावं, त्रेचाळिसावर, फोटो काढून.

पलीकडच्या ओळीत दुर्पता
आपल्या पाचांतल्या एकाची पट्टी सोडत होती,
कपाळाला आठ्या घालून.
मी वही घेतली, माझे सत्तावन्न घेतले,
आणि तिच्या शेजारी उकिडवी बसले.